उलटा वळलेला प्रकाश

वाघोली
१६ जानेवारी १९९५

मैनुद्दीनभाई यांस,

गेनबाचा नमस्कार. आपलं कार्ड डिसेंबरच्या बावीस तारखेला आलं आणि मी आज उत्तर लिहितो आहे. इतका उशीर झाला याची माफी असावी. आधी गुडघा धरला होता. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाकून लिहू नका म्हणून सांगितलं. आता डोळा बरा आहे, तरी ओळ वर-खाली जाते. समजून घ्यावं. फोन करा असं मुलगा म्हणतो, पण मला फोनवर नुसती घरघर ऐकू येते.

आपण कार्डावर एवढंच लिहिलं होतं : ‘तुझी नात दुकानात आली होती. नाक तुझंच आहे. जिवंत असशील तर लिही.’ जिवंत आहे.

नीरजा माझ्या संभाजीची मुलगी. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेतलं आहे. ती आपल्या दुकानी कशी पोचली हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “बुधवार पेठेत चार दुकानांत विचारलं, प्रयोगासाठी तारेची कॉइल कोण गुंडाळून देईल? चौघांनी एकच नाव सांगितलं.” जेवताना हे बोलणं चाललं होतं. पुढचं तसंच लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

ती म्हणाली, “आजोबा, मैनुद्दीन आजोबांनी कॉइल द्यायचं कबूल केलं.”

मी म्हणालो, “कोण आजोबा?”

“तुमचे लॅबमधले मित्र. तुम्ही कधी सांगितलंच नाही त्यांच्याबद्दल.”

“आणि काच? काचेचं काय?”

“काच बाहेरून मागवली आहे. दोन्ही तोंडं पॉलिश होऊनच येते आता.”

मी पुढचा घास घेतला नाही. पोट बरं नाही असं सुनेला सांगितलं. सातवी झालेला माणूस मी, शिपाई म्हणून प्रयोगशाळेत लागलो आणि पुढे एकतीस वर्षं राळेच्या पाटावर प्रयोगांची काच घासली. आपले माधवसर म्हणायचे, गेनबाच्या हातची काच हवेत धरली तर कडा सोडून काही दिसत नाही. आणि माझ्या घरातली मुलगी प्रकाश वळवण्याचा प्रयोग करते आहे, त्यात कॉइल आपली आणि काच परक्याची. असो. मुलीची चूक नाही. माझे हात आता कापतात, हे तिला दिसतं.

आपल्या घरी अख्तरबानूंनी तिला दालचा वाढला असंही कळलं. आमच्याकडे ती दोन पोळ्यांच्या वर जेवत नाही.

एक गोष्ट राग न मानता घ्यावी. मागचं उकरून काढायचं नाही. पण पंच्याहत्तर साली दिल्लीच्या पाहुण्यांसमोर सरांच्या प्रयोगात प्रकाश उलट बाजूला वळला आणि कॉइल उलटी गुंडाळली आहे असं मला सर्वांसमोर बोलावं लागलं, ते आपल्याला आठवत असेल. आपण पान्हा टेबलावर आपटून गेलात ते परत आला नाहीत. मुलीच्या परीक्षेचा प्रश्न आहे. वेढे कोणत्या दिशेने घेता ते एकदा बघून घ्यावं.

आपला,
गेनबा


बुधवार पेठ, पुणे
३० जानेवारी

गेनबा,

सलाम. पत्र मिळालं. त्यात ‘आपण’ आणि ‘आपल्या’ मिळून किती आहेत ते अख्तरने मोजलं आणि विचारलं, “कुणा मामलेदाराचं पत्र आलंय का?” म्हटलं, नाही, माझ्या पाठीत गुद्दे घालणाऱ्या माणसाचं आहे. एकाच टेबलावर तेरा वर्षं डबा खाल्ला आपण. पुन्हा आपण-आपण केलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन.

तुझी नात भली हुशार आहे. आमच्याकडे चार पोळ्या खाते हे मुद्दाम कळवतो.

आता नीट बसून वाच. चष्मा लाव.

तू लिहिलंस म्हणून नव्हे, पण वेढे मी बघूनच घेतले. अठराशे वेढे, होकायंत्र लावून दोनदा तपासले. परवा नीरजाने मला तिच्या कॉलेजात नेलं. तुला ठाऊकच आहे, पहिल्या पोलरॉइडच्या चकतीमधून निघालेला प्रकाश एकाच पातळीत थरथरतो. कॉइल चालू केली की काचेतून जाताना ती पातळी थोडी वळते, आणि दुसरा पोलरॉइड फिरवत अंधार शोधायचा, म्हणजे किती वळली ते कळतं. वीज कॉइलमध्ये ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने प्रकाश वळायचा, हे आपण सरांकडे शंभर वेळा पाहिलं. तिने बटण दाबलं, पोलरॉइड फिरवला. अंधार उलट बाजूला सापडला.

गेनबा, मी तिथून निघालो. बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. परत येऊन म्हणालो, “बेटा, कॉइल सोड. मी पुन्हा गुंडाळून देतो. पैसे नकोत.”

ती वहीत आकडे लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, “का? बरोबर आहे की.”

“उलटं वळलं ना.”

“उलटंच वळायला पाहिजे. टर्बियम धातू मिसळलेली काच आहे ही.”

मग तिने मला स्टुलावर बसवून समजावलं. आपण ज्या शिशाच्या काचा वापरायचो, त्यांतले अणू स्वतः चुंबक नसतात. ते प्रकाशाला विजेच्या दिशेने वळवतात. टर्बियमचा एकेक अणू म्हणजे स्वतःच बारीकसं चुंबक. कॉइल चालू झाली की हे सगळे अणू तिच्याकडे तोंड करून उभे राहायला बघतात आणि प्रकाशाला दुसऱ्या बाजूला ढकलतात. कॉइल तीच, वीज तीच, काच बदलली की दिशा बदलते.

मी विचारलं, “पंच्याहत्तर साली सरांनी कुठूनशी नवी काच आणली होती, किंचित पिवळसर, गेनबा तिला जावयासारखी जपायचा. ती कसली होती?” तिला ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे.

गेनबा, मी वीस वर्षं असं धरून चाललो होतो की त्या दिवशी माझा हात चुकला. कॉइल तुमच्याकडे राहिली, होकायंत्र लावून बघायलाही मिळाली नाही. मी भांडून गेलो खरा, पण घरी जाऊन विचार केला, चारचौघांसमोर प्रकाशच उलटा वळला तर प्रकाश कशाला खोटं बोलेल? त्यानंतर प्रयोगशाळेचं काम घेतलं नाही. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. त्यांचंही प्रत्येक वाइंडिंग दोनदा तपासतो. गिऱ्हाइकं हसतात, म्हातारा पंख्याला होकायंत्र लावतो म्हणून.

तुझ्यावर राग नाही. तुला तरी कुठे ठाऊक होतं? ठाऊक असतं तर तू धावत आला असतास. बुधवार पेठ काही विलायतेत नाही.

मैनुद्दीन


वाघोली
९ फेब्रुवारी

मैनुद्दीनभाई,

पत्र पोचलं. तुम्ही म्हणता म्हणून ‘आपण’ लिहीत नाही, पण एकदम अरे-तुरे करायला हात वळत नाही. समजून घ्या.

वाचून आनंद झाला. कॉइलची चूक नव्हती हे कळलं ते बरंच झालं. मला कसं ठाऊक असणार? मी काच घासणारा. काचेच्या आतले अणू कुणीकडे तोंड करतात हे पाटावर दिसत नाही.

पण एक विचार आला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. नीरजाच्या बोलण्यावरून असं दिसतं की प्रकाश वळवण्याचं खरं काम काचेतले अणू करतात. कॉइल फक्त त्यांना हुकूम देते. तुम्ही लोक नेहमी म्हणायचात, गेनबाचं काम म्हणजे खिडकीची तावदानं पुसणं. तेव्हा तुमच्याशी वाद घालणारा मीच खरा होतो, एवढं तरी मान्य करावं. सरही शेवटी शेवटी तसंच म्हणायचे.

नीरजाच्या प्रदर्शनाचं कळलं. अठ्ठावीस तारखेला कॉलेजात विज्ञान दिन आहे, तिचा प्रयोग लोकांना दाखवायचा आहे. तिने पुठ्ठ्यावर पाटी लिहिली, ती मी कपाटामागे पाहिली. ‘कॉइल : श्री. मैनुद्दीन, बुधवार पेठ.’ काचेपुढे कुणाचंच नाव नाही, कंपनीचं सुद्धा नाही. मी पाटी होती तशी ठेवली. तिने विचारलं, “आजोबा, अक्षर मोठं झालं का?” मी म्हणालो, “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.” चष्मा डोळ्यांवरच होता.

दर शनिवारी ती तुमच्या दुकानी येते, असं सून सांगत होती. लूना हळू चालवायला सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. आणि एवढं काय शिकायचं असतं दर शनिवारी?

रोजे सुरू झाले असतील. या वयात सगळे धरू नका. अख्तरबानूंना नमस्कार.

गेनबा


बुधवार पेठ
१७ फेब्रुवारी

गेनबा,

हुकूम देणारा मोठा की पाळणारा मोठा, हे अठ्ठावीस तारखेला समोरासमोर ठरवू. तू येतो आहेस. नीरजाला सांगून तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे, टेबलाच्या डाव्या बाजूला, म्हणजे तुझा चांगला कान माझ्याकडे राहील. संभाजीला सुट्टी नसली तर रिक्षाने ये. गुडघ्याचं कारण चालणार नाही. मी रोजा धरून दिवसभर उभा राहणार आहे आणि तुला बसायचं आहे.

दर शनिवारी काय शिकते विचारतोस. तुझ्याच गोष्टी विचारते. आजोबा राळ कशी तापवायचे, काच पोटाशी धरून घरी न्यायचे हे खरं का, म्हणून. घरी विचारलं की तू विषय बदलतोस म्हणाली. मी तिला काय सांगितलं ते सांगणार नाही, तू फुगशील.

एक गोष्ट मात्र मनात सलते आहे. तू राहू दे, तू मी सारखेच. पण सर शिकलेले होते. मी गेल्यावर महिना-दोन महिन्यांत काचेची भानगड त्यांना कळलीच असणार. माणूस तसा स्वस्थ बसणारा नव्हता. कळल्यावर त्यांनी मला एक निरोप पाठवला नाही. मैनुद्दीन, तुझा हात बरोबर होता, एवढे पाच शब्द. त्यांच्या दारापासून माझं दुकान सायकलवर दहा मिनिटं.

अठ्ठ्याऐंशी साली ते गेले तेव्हा मी मयतीला आलो नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. पुढे कितीतरी दिवस वाटायचं, जायला पाहिजे होतं. आता वाटतं, गेलो नाही ते बरं केलं. मोठी माणसं मोठी असतात ती आपल्या कामापुरती. नीरजा त्यांचा जुना निबंध मोठ्या भक्तीने वाचत होती, तिलाही मी हे सांगितलं. तिने निबंध मिटला. मग म्हणाली, “मला वाटायचं ते चांगले होते.”

तू होतास की तिथे. तुझ्यासमोर ते माझ्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत?

वाट बघतो. अठ्ठावीस, सकाळी दहा.

मैनुद्दीन


वाघोली
७ मार्च

मैनुद्दीन,

ईद होऊन जाऊ दिली. सणाच्या दिवशी हे पत्र तुझ्या हाती पडू नये असं वाटलं.

मी आलो नाही म्हणून तू रागावला असशील. नीरजाने येऊन सांगितलं, खुर्ची संध्याकाळपर्यंत रिकामी ठेवली होती, कुणालाही बसू दिलं नाहीस. मैनुद्दीन, मी आलो होतो. साडेअकराला आलो. दारापाशी मुलांची गर्दी होती, तिच्यामागे उभा राहिलो. नीरजाने दिवा मालवला, लाल ठिपका पडद्यावर आला, मग तिने पोलरॉइड फिरवून तो घालवला. तुला म्हणाली, “आजोबा, बटण तुम्ही दाबा.” तू दाबलंस आणि ठिपका पुन्हा उजळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने तुझा हात धरला आणि तुझ्याच बोटाने हवेत दाखवलं, वीज अशी फिरते, प्रकाश असा वळतो. तू हसत होतास. तुझे दात गेले आहेत ते मला माहीत नव्हतं.

तिने माझा हात असा कधी धरला नाही. ऑपरेशनच्या दिवशी धरला होता, पण तो मी पडू नये म्हणून. मी तिथून फिरलो आणि बसस्टॉपवर येऊन बसलो. दोन बसगाड्या सोडल्या. माझ्या पोटात जे झालं ते मी ओळखलं. वीस वर्षांपूर्वी अगदी तसंच झालं होतं.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. सर बोलले होते.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी ते माझ्या पाटापाशी आले. म्हणाले, “गेनबा, मैनुद्दीनचा हात उलटा चालेल हे मला पटत नाही. शिशाच्या काचेची एक दांडी नेमकी या कॉइलच्या मापाची करून द्या. तीच कॉइल ठेवू, काच बदलू.” मी अकरा दिवस ती दांडी घासली. त्या अकरा दिवसांत ते रोज दुपारी स्टूल ओढून माझ्याजवळ बसायचे. पूर्वी ते तुझ्याजवळ बसायचे, हे तुला आठवत असेल. तुमची वीज, चुंबक अशी बोलणी चालायची आणि मी पाठ करून काच पुसायचो. तू तारेचा नुसता ताण बघून किती वेढे झाले ते सांगायचास आणि ते लहान मुलासारखे हसायचे. माझ्या कामात हसण्यासारखं काही नव्हतं. त्या अकरा दिवसांत त्यांनी मला विचारलं, शेतात काय लावलंय, संभाजी कितवीत आहे. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

दांडी झाली. तुझ्या कॉइलमध्ये मीच बसवली. प्रकाश बरोबर बाजूला वळला. मग त्यांनी मला बर्फ आणायला पाठवलं. मंडईतून पोत्यात गुंडाळून आणला. पिवळी काच आत ठेवून भोवती बर्फ भरला, तर ती प्रकाश आणखी वळवायला लागली, आणि तोही उलटाच. ते म्हणाले, “थंडीत हे अणू कमी हालतात, जास्त नीट उभे राहतात. काचेचंच काम आहे हे. कॉइल निर्दोष.” मला नीरजाने काही नव्याने शिकवलेलं नाही. मला कसं ठाऊक असणार असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. पहिल्या पत्रात वेढे बघून घ्या असं टोचून लिहिलं, तेव्हाही मला सगळं ठाऊक होतं.

सर दुसऱ्या दिवशी दोन महिन्यांसाठी बंगलोरला निघायचे होते. मला म्हणाले, “आज संध्याकाळी बुधवार पेठेत जा. मैनुद्दीनला सांगा, तुझा हात बरोबर होता, आमची चूक झाली, कामावर परत ये. मी पत्र लिहिलं तर त्याला औपचारिक वाटेल, तुम्ही मित्र आहात.”

मी गेलो होतो, मैनुद्दीन. तुझ्या दुकानासमोर पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. तू रेडिओ उघडून बसला होतास, दोन माणसं तुझ्याशी गप्पा मारत होती आणि तिघं हसत होतात. मला वाटलं, याला कशाची कमी आहे? हा सोमवारी परत येईल आणि सर स्टूल उचलून त्याच्या टेबलापाशी नेतील. मी रस्ता ओलांडला नाही. सकाळी सरांना सांगितलं, “भेटला. नाही म्हणतो. फार काम आहे म्हणतो, पुन्हा विचारू नका म्हणाला.”

त्यांनी विचारलं, “असं म्हणाला?” मी म्हणालो, “हो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे तेरा वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, कारण तूच त्यांना नको म्हणालास असं ते समजून होते. आणि स्टूल माझ्याजवळ राहिलं, पण ते त्यावर फारसे बसले नाहीत.

परवा नीरजाने त्यांचा निबंध फडताळात सगळ्यांत खाली ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, “माणूस कळल्यावर वाचवत नाही.” तेव्हा तिला सगळं सांगितलं. सून स्वयंपाकघरात होती, तिनेही ऐकलं. नीरजा रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “आजोबा, हे मला सांगून काय उपयोग? माझा हात कुणी चुकीचा ठरवला नव्हता.” त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. निबंध पुन्हा टेबलावर आला आहे.

तू मला माफ करावंस असं लिहायला मी बसलो नाही. मी अजून तसाच आहे, प्रदर्शनाच्या दारात मला कळलं. तुझ्याकडे चार पोळ्या खाते हे वाचून मला आजही बरं वाटत नाही. पण सरांबद्दल तुझ्या मनात जे आलं आहे ते काढून टाक. ते पाच शब्द त्यांनी पाठवले होते. माझ्याजवळ पाठवले होते. आज पोचवतो : मैनुद्दीन, तुझा हात बरोबर होता.

शनिवारी नीरजा दुकानी येईल. तिच्या हाती निरोप देऊ नकोस. तुझं बोलणं तिच्या तोंडून ऐकलं तर माझ्या पोटात पुन्हा तेच होईल आणि मला ते आता नको आहे. पोस्टाने लिही. शिव्या असल्या तरी चालतील, एका ओळीत मावतील तेवढ्या लिही. पोस्टमन आमच्याकडे दुपारी बाराला येतो, मी ओट्यावर बसलेला असतो. लवकर लिही.

गेनबा